वैलावरची वीज

चुलीच्या वैलासाठी वेगळा जाळ कुणी करत नाही. पुढच्या भांड्याचं काम भागल्यावर जी आच उरते ती आतल्या बोळातून मागे सरकते आणि वैलावरच्या भांड्याला लागते. त्या आचेवर दुधाला साय धरते, डाळ गरम राहते, आंघोळीचं पाणी तापतं. चुलीवर वीज करायची असं मनाशी घेतलं, तेव्हा मी जागा धरली ती वैलाची. जाळाच्या पोटातली उष्णता भाकरीची आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. वैलावर येते ती उरलेली, आणि उरलेल्यातून काही निघालं तर ते मागायला हरकत नाही.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की नेरे लागतं. गाढी नदी सोबतीला असते. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभं राहिलेलं शांतिवन इथलंच. आणखी आत गेलं की देहरंगचं धरण, ज्याचं पाणी पनवेल शहर पितं. त्यापुढे मालडुंगे, धोदाणी आणि समोर माथेरानचा उभा कडा. एका अंगाला प्रबळगड. मधल्या उतारांवर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. माझं घर नेऱ्यात आहे, आणि ज्या चुलीबद्दल सांगते आहे ती वरच्या एका वाडीतल्या काकींची. मी विजेचं काम शिकलेली, मातीचं नाही. चूल बांधायची तर मला त्यांच्याकडेच जायला हवं होतं.

नेऱ्यात वीज आहे आणि वाडीतही आहे, हे आधीच सांगायला हवं. पण पावसाळ्यातली वीज वेगळी असते. ती येते, जाते, आणि गेली की कधी येईल ते पाऊसच ठरवतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडे जे झालं त्यापुढे आमच्याकडचं नुकसान काहीच नाही. तिकडच्या कित्येक गावांनी अंधारात आठवडे काढले. आमच्याकडे झाडं तारांवर पडली, फोन बंद पडत गेले, आणि कोरोना साथीच्या त्या दिवसांत बाहेरच्या माणसांशी बोलायची फोन हीच एक वाट होती. वाडीतल्या घराघरात तेव्हा एकच यंत्र न चुकता दोन्ही वेळा चालू होतं. त्या यंत्राला मी तोवर यंत्र म्हणून पाहिलं नव्हतं.

या जिल्ह्याला वीज नवी नाही. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, 1922 मध्ये माथेरानच्या पलीकडे कर्जतच्या बाजूला भिवपुरीचं, 1927 मध्ये भिऱ्याचं. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, मोठाल्या नळांतून खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली जाणार म्हणून 1921 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पुढे सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. ही तिन्ही केंद्रं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, आणि त्याच जिल्ह्यातल्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशकं गेली. मी स्वतः त्या मोठ्या विजेवर वाढले, शिकले, पोट भरलं. तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ती कुणाचं तरी काही घेऊन येते, आणि ज्याचं घेते त्याच्या डोक्यावरून पुढे जाते, हे मनातून जात नाही. एका वॉटचीसुद्धा काही किंमत असणारच. ती समोर दिसावी आणि वापरणाऱ्यानंच मोजावी, एवढं मला हवं होतं.

लाकडातून वीज करायच्या वाटा तशा तीन-चार आहेत. वाफेची वाट सगळ्यांना ठाऊक असते, पण बंद भांड्यातली दाबाखालची वाफ ही पोरंबाळं वावरतात त्या घरात आणायची गोष्ट नाही. दुसरी वाट लाकडाचा वायू करून त्यावर इंजिन चालवायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा आपल्याकडेही कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी उसाच्या पाचट-चिपाडासारख्या हलक्या पाल्यावर चालणाऱ्या गॅसिफायरवर बरीच वर्षं काम केलं. ते काम मला फार मोलाचं वाटतं, कारण लाकूड सगळ्यांनाच सोपं असतं, पाचटाला धरून बसणं कठीण. पण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. शिवाय डांबर सुटतं ते इंजिनात जाऊन बसतं, म्हणून वायू धुवावा, गाळावा लागतो. राखणाऱ्या, जाणत्या माणसांची ती व्यवस्था आहे. स्वयंपाकघरात ती नको.

तिसरी वाट हलणारा एकही भाग नसलेली. 1821 मध्ये थॉमस योहान सीबेक यांनी तांबं आणि बिस्मथच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून एक कडं केलं, एक सांधा तापवला, आणि मध्ये ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. उष्णतेनं चुंबकत्व निर्माण झालं असं ते म्हणत राहिले. कड्यातून विजेचा प्रवाह वाहतो आहे हे ओर्स्टेड यांनी ओळखलं. एक बाजू गरम, दुसरी गार, आणि मध्ये योग्य धातूंची जोडी, बस. 1977 मध्ये निघालेली व्हॉएजर यानं सूर्यापासून इतकी दूर गेली आहेत की तिथं सौर पाट्यांचा उपयोग नाही. ती याच तत्त्वावर जगतात, फक्त त्यांची चूल प्लुटोनियमची आहे.

पण मला व्हॉएजरपेक्षा एका पातेल्यानं जास्त भुरळ घातली. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लपून लढणाऱ्या सोव्हिएत गनिमांसाठी लेनिनग्राडच्या अब्राम योफे यांच्या प्रयोगशाळेतल्या माणसांनी ते तयार केलं. पातेल्याच्या दुहेरी बुडात धातूंच्या जोड्या बसवलेल्या. खाली शेकोटी, वर पातेल्यात पाणी किंवा बर्फ. पाणी उकळेपर्यंत आणि उकळत असतानाही वरची बाजू शंभर अंशांच्या पुढे जात नाही, खालची त्याहून खूप तापते, आणि त्या फरकावर बिनतारी संदेशयंत्र चालतं. युद्धानंतर त्याच देशात रॉकेलच्या कंदिलावर अशा जोड्या बसवून खेड्यापाड्यातले रेडिओ वाजवले गेले. खाली जाळ, वर पाणी, ही मांडणी वाचली तेव्हा वैलावरचा पाण्याचा टोप माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आपल्याकडे ती मांडणी घरोघर तयारच होती. मधली पाटी तेवढी नव्हती.

ती पाटी आता मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. 4 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद, पांढरी, दोन तारा बाहेर आलेली. आत बिस्मथ टेल्युराइडच्या 127 जोड्या. ती विकतात थंडाव्यासाठी: वीज दिली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. हा उलटा गुण पेल्तिए यांनी 1834 मध्ये दाखवला. आपण उष्णता द्यायची आणि वीज घ्यायची. मात्र या स्वस्त पाटीच्या आतलं डाखकाम साधारण 138 अंशांना वितळतं. चुलीच्या पोटात सहाशे-सातशे अंश सहज असतात, तिथं तिचा टिकाव लागणार नाही. वैलाकडे येईपर्यंत आच बरीच उतरलेली असते, आणि मध्ये जाड धातू घातला की आणखी उतरते. वैल निवडायचं हेही एक कारण.

आता हिशेब. दोन बाजूंमधल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे एका पाटीतून सुमारे 0.05 व्होल्ट मिळतात. पन्नास अंशांचा फरक राखला तर अडीच व्होल्ट. पाटीच्या आतला विरोध वजा जाता हाती लागतो पाऊण वॉटच्या आतबाहेर. चार पाट्या जोडल्या की तीन वॉटच्या थोडं खाली. एक किलो सुक्या लाकडात चारेक युनिट उष्णता असते, विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर. पाट्यांमधून त्यातली थोडीच जाते, आणि जी जाते तिच्यातले शेकडा दोन-तीन भागच वीज होतात. हा आकडा ऐकून बहुतेक माणसं हसतात. मला तो कधी हास्यास्पद वाटला नाही. कारण उरलेले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग कुठं जातात? वरच्या पाण्यात. ते पाणी तसंही तापवायचंच होतं. आंघोळीच्या पाण्याच्या वाटेवर बसून वीज आपला टोल घेते आणि पाण्याला पुढे जाऊ देते. जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबाशीही हे जमलं असतं, आत जाळाची नळी आणि भोवती पाणी. पण ती नळी गोल, आणि पाटी सपाट. गोलावर सपाट बसत नाही, आणि केसाएवढी हवा मध्ये राहिली तरी उष्णता अडते.

या कामात सगळा जीव त्या बसण्यात आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाड पत्र्याचा तुकडा आणला, तो वैलाच्या तोंडावर बसवला. त्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा, आच सगळीकडे सारखी पसरावी म्हणून. त्यावर चार पाट्या, दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट लावून. त्यावर पाण्याचा डबा, जाड सपाट बुडाचा, खाली तोटी. घरातला टोप चालत नाही, कारण वापरातल्या टोपाचं बूड कधी सपाट नसतं. डबा आणि ठोकळा बोल्टांनी आवळायचे, पण बोल्टांखाली स्प्रिंग हव्यात, नाही तर तापून फुगलेला धातू पाटी चिरडतो.

मग प्रश्न आला तो पाट्यांच्या भोवतालच्या फटीचा. तिथून उष्णता पाट्यांना चुकवून थेट डब्याला लागत होती आणि फरक कमी होत होता. मी बाजारातली काचेची लोकर भरायच्या विचारात होते. काकी म्हणाल्या, "तुसाची राख भर ना बाय. चुलीच्या भिंतीत आम्ही तीच घालतो. भिंत तापत नाही." भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिका असते, हलकी, पोकळ. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या पोलादाची आच उडून जाऊ नये म्हणून वर हीच राख पसरतात. मला हे या कारखान्यांमुळे माहीत होतं, आणि काकींच्या घरी ते त्यांच्या आईपासून चालत आलं होतं. वारुळाची माती, तूस, शेण आणि पाणी यांचं प्रमाणही त्यांचंच; मी फक्त मळणीला हात लावला. वारुळाची माती वाळवीनं आधीच चाळून, चिकटवून ठेवलेली असते, म्हणून ती तडकत नाही. चुलीचं तोंड मी लहान करू पाहत होते, जळण कमी जावं म्हणून. तेही त्यांनी मोडून काढलं. जंगलातून आणलेली फाटी लांबच्या लांब असतात, ती जशी जळतील तशी आत सारायची असतात. तोंड लहान केलं तर प्रत्येक फाटं तोडत बसायचं, आणि ते तोडायला वेळ कुणाकडे आहे?

या एका गोष्टीवर देशातल्या लाखो चुली मोडल्या आहेत. 1980 च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो 2002 पर्यंत चालला, आणि कागदोपत्री तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी वर्ष-दोन वर्षांत फोडून जुन्या पद्धतीनं बांधल्या गेल्या. तोंड लहान, भांडं बसत नाही, धुराडं साफ करायचं कुणी सांगितलं नाही. बायकांना शिकवायला गेलेल्यांपैकी फार थोडे जण बायकांकडून शिकून आले. आपल्याकडे त्यात अपवाद म्हणून पुण्याच्या 'आरती' संस्थेचं नाव मी आदरानं घेते. 1996 मध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी ती सुरू केली. शंभरेक ग्रॅम कोळशावर घरचा स्वयंपाक करणारा त्यांचा सराई कुकर, पाचटाचा कोळसा करायची त्यांची भट्टी, आणि पुढे डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांची 'संपदा' ही लाकडाचा वायू जाळणारी चूल, या सगळ्यांत शिजवणाऱ्या माणसाचा विचार आधी केलेला दिसतो.

तर तीन वॉट हाती आले. त्यांचं करायचं काय? फोन भरायचा म्हटलं तर आजच्या फोनची बॅटरी पंधरा ते वीस वॉट-तासांची असते. सकाळ-संध्याकाळचे मिळून चार तास चूल पेटली तरी तो पुरता भरणार नाही. दिवा लावायचा तर एक वॉटचा एलईडी खोलीभर पुरतो, सेलमध्ये साठवून रात्री लावता येतो. मी दिव्याच्या बाजूची होते. दिवा दिसतो, आणि वीज म्हणजे दिवा असं आपल्या सगळ्यांच्या मनात बसलेलं आहे. काकींनी चुलीजवळ बसून, डोळ्यांना पदर लावून एवढंच म्हटलं, "दिव्याचं नंतर बघू. आधी ह्या धुराचं काय ते कर."

धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. तापलेल्या लाकडातून वायू सुटतात, त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी धग एकाच ठिकाणी मिळाली तर त्यांची ज्योत होते, नाही तर ते तसेच घरात पसरतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीशी बसलेल्या बायकांच्या नाकाजवळची हवा मोजली. शहरातल्या हवेची मोजमापं तेव्हा जगभर चालली होती. स्वयंपाकघरातली हवा मोजावी असं त्याआधी फारसं कुणाला सुचलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगात 32 लाख माणसं दगावली. गॅस आला, 2016 पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर वाड्यांतही पोचले, आणि तरी काकींच्या घरात सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी आहे. दुसरा भरून आणायचे पैसे आणि तो डोंगरावर चढवायचे कष्ट, दोन्ही जड.

एक वॉटचा छोटा पंखा या धुराचं बरंच काही करू शकतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर पाहणं वेगळं. पंख्याची हवा मी चुलीच्या दुहेरी भिंतीतून फिरवली, म्हणजे ती जाळाच्या वरच्या अंगाला भोकांतून बाहेर पडेपर्यंत तापलेली असते. गार हवा ज्योत मारते, तापलेली हवा ज्योत वाढवते. पंखा सुरू झाला की पिवळी, डुलणारी, काजळी सोडणारी ज्योत आखूड आणि स्थिर होते, भोकांच्या तोंडाशी वेगळ्या ज्योती उभ्या राहतात, आणि धूर विरळ होतो. नाहीसा होत नाही, तसं मी म्हणणार नाही. पण काकी बसल्या जागेवरून मान न वळवता बोलू लागल्या. फाटीही कमी सारावी लागू लागली. ती मोळी डोक्यावरून डोंगर उतरवून आणायची कुणी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातलं सुख सांगायला नको.

अडचण पेटवतानाची आहे. धूर सर्वांत जास्त तेव्हाच होतो, आणि तेव्हा पत्रा गार असतो, वीज नसते. म्हणून एक लहान सेल लागतोच. तो पहिली काही मिनिटं पंखा चालवतो, मग चूल त्याचं देणं फेडते, आणि वर उरलं तर दिव्याला. दुसरं, डब्यातलं पाणी उकळायला आलं की दोन बाजूंमधला फरक घटतो आणि पंखा मंदावतो. तोटीतून गरम पाणी काढून वरून गार ओतलं की पुन्हा वेग धरतो. पंख्याचा आवाज खाली आला की काकींची नात उठून पाणी बदलते, आणि ते गरम पाणी कुणाच्या तरी आंघोळीला जातं.

सौर पाटीशी याची तुलना मला नेहमी विचारली जाते. उन्हाच्या दिवसांत दहा वॉटची साधी सौर पाटी दिवसाला चाळीसेक वॉट-तास देते. आमची चूल तिच्या पासंगालाही पुरत नाही. आठ महिने सौर पाटीच लावावी, मी माझ्या घरी लावलीच आहे. पण रायगडात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. माथेरानचा कडा दिवसच्या दिवस ढगात असतो. सौर पाटी तेव्हा आळसावते, तारा तेव्हाच तुटतात, फाटी तेव्हाच ओलसर असतात आणि दारं तेव्हाच बंद, त्यामुळे धूरही तेव्हाच घरात कोंडतो. आणि चूल तेव्हा सर्वांत जास्त वेळ पेटलेली असते. आगोट भरताना तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्याबरोबर माळ्यावर फाटी रचली जातात, ती या चार महिन्यांसाठीच. चुलीची वीज ही पावसाळ्याची वीज आहे. बाकीच्या ऋतूंत तिनं गप्प बसावं.

येत्या आगोटीच्या आधी दोन कामं आहेत. एक म्हणजे दोनशे अंशांच्या वर टिकणाऱ्या, वीज करण्यासाठीच घडवलेल्या पाट्या बसवायच्या. त्या महाग आहेत, पण होळीला जाळ मोठा झाला तरी काळजी राहणार नाही. दुसरं, डब्याची उंची दोन बोटं कमी करायची, कारण काकींना पुढच्या तव्यावर भाकरी उलटताना त्याची कड हाताला लागते. शेजारच्या दोन घरांनी अशीच चूल मागितली आहे. दोघींनीही पंखा हवा म्हणून सांगितलं. दिव्याची तार नको म्हणाल्या, पोरं ओढतात.